अण्णासाहेब कर्व्यांच्या वाटेने: मुरूड, सातारा, हिंगणे, मुंबई

शुक्रवार, मुरूड

दापोलीहून आसूदची उतरण संपली की झाडी दाट होते आणि मुरूडचा एकच लांब रस्ता लागतो. त्याच्या दोन्ही अंगांना घरे, घरांमागे नारळी-पोफळीच्या बागा आणि एका बाजूच्या बागांपलीकडे समुद्र अशी या गावाची मांडणी आहे. पितृपक्ष चालू असल्यामुळे पर्यटक नव्हते आणि ज्या घरगुती खाणावळीत उतरलो तिथे आम्ही तिघीच पाहुण्या होतो. आई, गाडी चालवणारी धाकटी बहीण आणि मी. पितृपक्षात प्रवासाला निघू नये, असे एका नातेवाइकाने सुचवले होते. त्यावर आईचे उत्तर होते, "पितरांसाठीच तर चालले आहे."

आईचे हे पितर म्हणजे भारतरत्न महर्षी धोंडो केशव कर्वे. नात्याने ते आमचे कोणीही लागत नाहीत. आई शाळकरी वयात काही वर्षे पुण्यात हिंगण्याला, कर्व्यांच्या संस्थेच्या वसतिगृहात होती आणि तिथल्या सगळ्या मुलींप्रमाणे ती त्यांना आजही 'अण्णा' म्हणते. तिने त्यांना पाहिले तेव्हा ते शंभरीत होते आणि तेही दुरूनच पाहिले. १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी पुण्यात वारलेला हा माणूस. सत्तावनच्या उठावाची धग पुरती निवलेली नसताना त्याचा जन्म झाला आणि मृत्यूच्या वेळी महाराष्ट्र राज्य दोन वर्षांचे झालेले होते. एवढ्या लांब आयुष्याचा माग काढायचा तर तो जिथे वाढला तिथून निघावे आणि ज्या वाटेने तो घाटावर चढला त्याच वाटेने जावे, असे आम्ही ठरवले होते.

संध्याकाळी दुर्गादेवीच्या देवळात गेलो. कोरीव लाकडी खांबांचे हे देऊळ आणि तिथली मोठी घंटा पाहायला लोक येतात. आम्हाला मात्र त्या देवळाचे दुसरेच महत्त्व होते. सोमण गुरुजींच्या सांगण्यावरून शाळकरी धोंडू याच देवळात जमलेल्या गावकऱ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवीत असे. लोकसेवेचा त्यांचा पहिला पाठ तो हाच. घरची स्थिती बेताची होती, वडील कारकुनी करून संसार चालवीत आणि मुलांनी कोणाचे मिंधे होऊ नये यावर आईवडिलांचा कटाक्ष होता. पुढे मुंबईत शिकवण्या करून चार पैसे मिळू लागले, तेव्हा कर्व्यांनी 'मुरूड फंड' उभारायला घेतला. गावाबाहेर कमावणाऱ्यांनी आपल्या मिळकतीचा छोटा हिस्सा गावासाठी बाजूला काढावा, अशी ती साधी योजना होती.

याच गावाने त्यांना वाळीत टाकले. पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारली, तेव्हा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. तेहतीस वर्षांच्या विधुराला त्या काळी कुमारिका सहज मिळाली असती. कर्व्यांनी मात्र मित्र नरहरपंत जोशी यांच्या बालविधवा बहिणीशी, गोदूबाईंशी, ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न केले. पंडिता रमाबाईंनी मुंबईत काढलेल्या शारदा सदनाच्या या पहिल्या विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळ्यांच्या 'बाया'. कर्वे बसलेले असतील त्या बैठकीला कोणी बसू नये आणि ते गावात आले तर त्यांच्या आईने व भावाने त्यांना घरात घेऊ नये, घेतल्यास त्या घरावरही बहिष्कार पडेल, असे मुरूडकरांनी ठरवले.

या प्रसंगाचे वर्णन करताना बहुतेक लेखक कर्व्यांच्या धैर्यापाशी थांबतात. देवळाच्या पायरीवर बसलेली आई मात्र त्यांच्या आईविषयी, लक्ष्मीबाईंविषयी, बोलत होती. मुलाने लग्न केले पुण्यात, दंड झाला तो मुरूडच्या घरात बसलेल्या म्हातारीला. सुधारकाच्या निश्चयाची किंमत पहिल्यांदा त्याच्या घरातली माणसे मोजतात. हा मुद्दा पुढे प्रवासभर आमच्याबरोबर राहिला आणि मुरूडच्या रस्त्यावर आज उभा असलेला कर्व्यांचा पुतळा पाहतानाही माझ्या मनात तोच होता.

शनिवार, खेड आणि चिपळूण

सकाळी दापोलीत थोडे थांबलो. या तालुक्याशी नाते असलेल्या तिघांना भारतरत्न मिळाले, असे दापोलीकर अभिमानाने सांगतात आणि ते खरे आहे. कर्वे तर मुरूडचेच, महामहोपाध्याय पां. वा. काणे दापोलीच्या शाळेत शिकले आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाचा काही काळ इथल्या कॅम्पात गेला. बाबासाहेबांना हा सन्मान मरणोत्तर, १९९० साली मिळाला. काण्यांना तो १९६३ मध्ये मिळाला, म्हणजे कर्वे गेल्यानंतर वर्षभराच्या आत.

खेडजवळच्या शेरवलीला, कर्व्यांच्या जन्मगावी, जायचे मनात होते. पण पावसाची एक जोरदार सर आली, आई थकली होती आणि पुढचा महामार्ग किती वेळ खाईल याची खात्री नव्हती, म्हणून तो फाटा सोडून दिला. परशुराम घाट उतरून चिपळूणला मुक्काम केला. त्या दिवसाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

रविवार, कुंभार्ली घाट आणि सातारा

वयाच्या सतराव्या वर्षी कर्वे मुरूडहून साताऱ्याला पायी गेले ती कथा शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळांनी वाचलेली असते. मराठी सहावीची सरकारी परीक्षा त्यांना द्यायची होती. ती उत्तीर्ण झाली की प्राथमिक शिक्षकाची किंवा कारकुनाची सरकारी नोकरी मिळण्याची आशा असे. मुंबईला समुद्रमार्गे जाता आले असते, पण पावसाळी हवेमुळे तो मार्ग बंद होता. म्हणून काही सोबत्यांबरोबर ते सह्याद्री ओलांडून साताऱ्याकडे निघाले. शंभराहून अधिक मैलांचे अंतर, पाठीवर सामान, वर पाऊस आणि परीक्षेची तारीख जवळ आलेली.

पोफळी मागे टाकली आणि घाटाची वळणे सुरू झाली तसे धुके उतरले. पुढच्या मालमोटारीचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. डाव्या हाताला दरी आहे हे ठाऊक होते, पण दिसत नव्हते, आणि बहिणीने बोलणे पूर्ण बंद केले होते. घाटमाथ्यावर, कोयनेच्या अलीकडे, चहासाठी थांबलो तेव्हा आईने पायातली चप्पल काढून ओल्या डांबरावर पाय ठेवून पाहिला आणि म्हणाली, "हे तरी सपाट आहे." कर्व्यांच्या काळी कोयनेचे धरण नव्हते, पोफळीचे वीजघर नव्हते, हेळवाकपासून पाटणपर्यंत नदी आपल्या मूळ पात्रातून वाहत होती. आज गाडीतून खाली दिसणाऱ्या खोऱ्यातून ती मुले भिजत, अंधारात ठेचकाळत गेली. चार दिवसांत साताऱ्याला पोहोचायचे असेल तर दिवसाला पन्नासेक किलोमीटर चालावे लागते. आम्ही तेवढे अंतर नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये पार केले.

उंब्रजवरून साताऱ्यात शिरलो तेव्हा ऊन पडले होते. अजिंक्यतारा स्वच्छ दिसत होता. परीक्षा नेमक्या कोणत्या इमारतीत झाली याचा शोध घेण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. तिथे काय झाले ते महत्त्वाचे. परीक्षेला बसायला सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. लहानखुऱ्या अंगाचा हा मुलगा समितीच्या प्रमुखांना तेवढ्या वयाचा वाटला नाही आणि त्यांनी त्याला बसू दिले नाही. तो आला तसा परत गेला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्याने तीच परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला.

शंभरी ओलांडणाऱ्या माणसाला वय कमी म्हणून परत पाठवले गेले, यातली गंमत बहिणीच्या लगेच ध्यानात आली. मला त्याहून लक्षणीय वाटते ते पुढचे. त्या अपमानाविषयी कर्व्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे ते अगदी शांतपणे, कोणावर राग न धरता. त्यांच्या लिखाणात तक्रार जवळजवळ नाहीच. वाचकाला प्रथम याचे कौतुक वाटते. नंतर मात्र शंका येऊ लागते की इतक्या अबोल माणसाबरोबर राहणाऱ्यांना त्याच्या मनाचा थांग कसा लागत असेल.

सोमवार, पुणे आणि हिंगणे

पुण्यात कर्व्यांचे नाव इतक्या वेळा कानावर पडते की त्यामागचा माणूस आठवेनासा होतो. खंडोजीबाबा चौकापासून कोथरूडकडे जाणारा कर्वे रस्ता, त्यावरून वनाजकडे धावणारी मेट्रो, पीएमपीचा 'कर्वे पुतळा' हा थांबा आणि शेवटी अख्खे कर्वेनगर. यातल्या बऱ्याच भागावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काळ्या मातीची शेते होती.

आधी फर्ग्युसन महाविद्यालयात गेलो. टिळक बाहेर पडल्यावर गणिताच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली होती आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आपल्या एल्फिन्स्टनमधल्या सहाध्यायाला बोलावून घेतले. १८९१ ते १९१४ अशी वर्षे कर्व्यांनी इथे गणित शिकवले. संस्थेचे आजीव सदस्य म्हणून मिळणारा बेताचा पगार हेच घराचे उत्पन्न होते आणि घरात रघुनाथनंतर शंकर, दिनकर, भास्कर अशी मुले वाढत होती.

त्याच वर्षांत, १४ जून १८९६ रोजी, त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. आश्रम आधी शहरात होता. प्लेगमुळे तो गावाबाहेर न्यावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी ७५० रुपये दिले. १९०० साली विधवा विद्यार्थिनींना घेऊन आश्रम तिथे गेला.

आज महर्षी कर्वे स्त्रीशिक्षण संस्थेच्या आवारात ती झोपडी स्मारक म्हणून जपलेली आहे. भोवती शाळा, महाविद्यालये, वसतिगृहांच्या उंच इमारती आणि मधल्या सुट्टीचा कल्लोळ. आईला तिच्या वेळचे वसतिगृह ओळखता येईना. तिने दोनदा वेगवेगळ्या इमारतींकडे बोट दाखवले आणि मग तो नाद सोडून झोपडीसमोरच्या बाकावर बसली. तिच्या आठवणीतले अण्णा म्हणजे पांढरी दाढी, हातात काठी आणि त्यांचे काही ऐकू येण्यासाठी मुलींना धरावी लागणारी शांतता. ते काय बोलले ते तिला आठवत नाही आणि तिने तसे प्रांजळपणे सांगितले. शंभरी उलटलेला माणूस समोर उभा आहे, याचेच त्या वयात अप्रूप होते.

या झोपडीची कथा सांगताना कर्व्यांच्या रोजच्या पायपिटीचे वर्णन हमखास येते. कॉलेजातले तास संपले की आश्रमाला लागणारे सामान घेऊन शहरातून चारेक मैल चिखल तुडवत हिंगण्याला जायचे, रात्री तिथे मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा कॉलेजसाठी परतायचे. हे सुमारे दोन वर्षे चालले. कमी वेळा सांगितले जाते ते असे की त्या काळात बाया मुलांना घेऊन शहरात राहत होत्या आणि त्यांना आश्रमात राहण्याची मुभा नव्हती. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी होता. पुनर्विवाहाशी त्याचा संबंध जोडला गेला तर सनातनी घरांतून मुली आल्या नसत्या आणि देणगीदार बिथरले असते. म्हणून पुनर्विवाह केलेल्या स्त्रीला, प्रत्यक्ष संस्थापकाच्या पत्नीला, त्या आवारापासून दूर ठेवणे भाग पडले. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले या विधवा असल्यामुळे आश्रमात राहू शकल्या, पुढे संस्थेचा कणा झाल्या आणि निधी गोळा करण्यासाठी थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. एका बहिणीला आश्रम खुला होता, दुसरीला नव्हता.

कर्व्यांनी आपल्या विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा बायांना ते मुळीच रुचले नाही. उद्या काही बरेवाईट झाले तर मुलांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या आठवणी सून कावेरीबाईंनी शब्दबद्ध केल्या आणि 'माझे पुराण' या नावाने १९४४ साली प्रसिद्ध झाल्या. नवऱ्याच्या 'आत्मवृत्ता'त जे एका वाक्यात आटोपते, ते तिथे आजारी मुले, रिकामे डबे आणि भांडणे यांच्यासकट येते. माझे मत असे आहे की ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवूनच वाचावीत. एकट्या 'आत्मवृत्ता'वरून कर्व्यांचा संसार समजत नाही.

मग त्यांना कुटुंबवत्सल म्हणायचे का, असे मी आईला विचारले. तिने उत्तर द्यायला वेळ घेतला. "मुलं तुटली नाहीत ना त्यांची," ती शेवटी म्हणाली. हा निकष मला पटला. घराकडे दुर्लक्ष करणाऱ्या थोरांची मुले पुष्कळदा बापाच्या कामापासून लांब पळतात. इथे दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि त्यांच्या पत्नी इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या क्षेत्रात नावाजल्या. भास्करराव आणि कावेरीबाईंनी हिंगण्याच्या संस्थेला आयुष्य दिले. शंकरराव पूर्व आफ्रिकेत डॉक्टर होते आणि कर्वे सत्तरी ओलांडल्यावर संस्थेच्या प्रचारासाठी त्या खंडात हिंडले. थोरल्या रघुनाथरावांनी तर बापापेक्षाही अवघड वाट धरली. संततिनियमनाचा प्रचार केल्याबद्दल त्यांना विल्सन महाविद्यालयाची नोकरी सोडावी लागली आणि १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. शिक्षण घ्यावे, ज्याला जे योग्य वाटते ते करावे आणि त्याचे परिणाम स्वतः सोसावेत, एवढी मोकळीक त्या घरात होती. प्रेम बोलून दाखवण्याची मात्र तिथे रीत नसावी.

आणि दीर्घायुष्याचा जमाखर्चही याच घरात मांडला जातो. बाया १९५० मध्ये गेल्या, रघुनाथराव १९५३ मध्ये. बापाला नव्वदी ओलांडल्यावर सत्तावन्न वर्षांचे सहजीवन संपलेले आणि थोरला मुलगा गेलेला पाहावा लागला. त्यानंतर पद्मविभूषण मिळाले, १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले आणि त्याच वर्षी टपाल तिकीटही निघाले. आई या तिकिटाविषयी फार उत्साहाने बोलते, कारण तिच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला ते हवे होते.

मंगळवार, मुंबई

पहाटेच्या गाडीने मुंबईला आलो. बहीण तिच्या घरी परतली आणि आम्ही दोघी चर्चगेटला उतरलो. समोरचा महर्षी कर्वे मार्ग हा पूर्वीचा क्वीन्स रोड. तिथून थोडे चालले की कर्व्यांनी काढलेले एसएनडीटी, म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ येते.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर कर्व्यांनी विद्यापीठ काढले, हे आजही अविश्वसनीय वाटते. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात पाच विद्यार्थिनींवर ते सुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, हा त्यांचा आग्रह होता. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव मिळाले. १९३६ साली मुख्यालय मुंबईत आले. याच वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले आणि १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला. मोठे काम हातावेगळे झाले की ते पुन्हा लहान कामाकडे वळत आणि वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरत. प्रतिष्ठा वाढल्यावर मागणे थांबवावे, असे त्यांना कधी वाटलेले दिसत नाही.

विद्यापीठाच्या दारात मुलींची गर्दी होती. प्रवेशाच्या रांगेत असलेल्या एकीने आईला विचारले, "आजी, नातीसाठी आलात का?" आईने स्वतः हिंगण्याची असल्याचे सांगितले. त्या मुलीला हिंगणे कुठे ते ठाऊक नव्हते. मग आईने तिला तिथेच कठड्यापाशी बसवून मुरूडपासून सुरुवात केली आणि रांग पुढे सरकली तरी तिला सोडले नाही. अर्ध्या तासाने मी सांगायला गेले की उशीर होतो आहे, तेव्हा गोष्ट साताऱ्याच्या परीक्षेपर्यंत आली होती आणि लक्ष्मीबाई, राधाबाई, बाया यांच्याविषयी ती मुलगीच प्रश्न विचारत होती.